डिक्कीतली साक्ष

माझ्या वह्या कोणीही उघडून बघाव्यात, असं मी घरात नेहमी म्हणते. त्यांत लपवण्यासारखं काही नाही — किराणा, विम्याच्या तारखा, कोणाच्या लग्नात काय आहेर दिला, गॅसची टाकी कधी लावली. गेली सव्वीस वर्षं दर रविवारी सकाळी चहा झाला की मी आठवड्याची यादी करते. मुलगी हसते. म्हणते, आई, तू माहेरी गेलीस तरी तुझ्या वहीवर घर आठवडाभर चालतं. खरंच चालतं.

पण त्या वह्यांत एक ओळ आहे. दोन शब्दांची. ती मी का लिहिली, कितीदा लिहिली आणि शेवटी तिचं काय केलं, हे मी ह्यांना — माझ्या मिस्टरांना — सांगितलेलं नाही. मुलीला नाही. जिच्यापाशी मी सगळं बोलते त्या माझ्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगते आहे. तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या लोकांत मी न चुकणारी बाई आहे.

गाडीपासून सुरू करते. ते त्यातल्या त्यात सोपं आहे.

माझे सासरे, आबा, यांचं जळगावात डिझेल इंजिनं दुरुस्त करण्याचं वर्कशॉप होतं. साठी उलटल्यावर त्यांनी ते बंद केलं आणि दुसऱ्याच महिन्यात पाचोऱ्याहून एक गाडी आणली — ट्रॉलीवर घालून, कारण तिला चाकं दोनच होती. तिथल्या एका जिनिंगवाल्या शेटजींच्या गोदामात, सरकीच्या पोत्यांमागे, ती तीसेक वर्षं पडून होती. शेटजींच्या वडिलांनी तरुणपणी हौसेनं परदेशातून मागवलेली. इटालियन बनावटीची, दोनच दारं, दोनच माणसं बसतील एवढी, आणि इतकी बुटकी की आमच्या अंगणात ती उभी आहे असं वाटायचंच नाही, बसली आहे असं वाटायचं. उंदरांनी सीट खाल्ली होती. वरून कोणीतरी भिंतीला देतात तसा पांढरा रंग फासला होता.

त्या पांढऱ्याखाली निळा निघाला. निळ्याखाली — आणि हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे — केळफुलाचा रंग निघाला.

केळफूल सोललं असेल तर तुम्हाला कळेल. बाहेरची पाकळी नाही, ती मातकट असते. दोन पाकळ्या काढल्या की तिसरी निघते, जांभळी, कडेला लालसर, आणि वरून कोणी राख फुंकली असावी तशी किंचित पिठूळ — ती. गाड्यांना असा रंग कोण देतं? पण त्या कारखान्यानं एकाच वर्षी, थोड्याच गाड्यांना, तो दिला होता. त्याला काहीतरी लांबलचक परदेशी नाव होतं. आमच्याकडे सगळे केळफुलीच म्हणायचे.

हा रंग ज्यांनी शोधला आणि पुन्हा दिला ते भिकानाना. धुळ्याला देवपुरात त्यांची पत्र्याची शेड होती. एसटीच्या बॉडीपासून देवळाच्या रथापर्यंत सगळं रंगवलेला माणूस. दोन्ही गावांतले गॅरेजवाले रंगावरून वाद झाला की म्हणायचे, नानांना विचारा. नाना डबा बघायचे नाहीत, नंबर बघायचे नाहीत. पत्र्याचा तुकडा सकाळच्या उन्हात तिरपा धरायचे, एक डोळा मिटायचे आणि सांगायचे — यात काळा एक थेंब कमी आहे. आणि असायचा.

माझं आणि नानांचं कधी जमलं नाही. भांडण नव्हतं. पण ते दहा दिवसांत येतो म्हणायचे आणि दोन महिन्यांनी उगवायचे. काही लिहून ठेवायचे नाहीत. मी एकदा त्यांच्यापुढे कॅलेंडर ठेवलं आणि म्हटलं, नाना, तुम्हीच सांगा, कोणत्या तारखेला कोणतं काम. त्यांनी कॅलेंडर बघितलं, त्यावरच्या देवाला नमस्कार केला आणि आपल्या अहिराणीत म्हणाले, "ताई, रंग कागदवर नही वाळस. पत्रावर वाळस." आबा खो खो हसले. मी हसले नाही. मला अजून आठवतं की मी हसले नाही.

सहा वर्षं चाललं ते. आबांनी इंजिन केलं, नानांनी अंग केलं. प्रत्येक वेळी येताना नाना एसटीत मांडीवर एक ताजं केळफूल घेऊन यायचे, पारोळ्याच्या पुढे कुठल्याशा ओळखीच्या मळ्यातून, आणि पाकळी पत्र्यावर ठेवून बघायचे. गाडी पूर्ण झाली तेव्हा आबा लहान मुलासारखे तिला घेऊन एरंडोलपर्यंत गेले आणि आले. अशा चार फेऱ्या झाल्या. पाचवी झाली नाही. आबा झोपेतच गेले.

गाडी विकायची कल्पना माझी. यात लपवण्यासारखं काही नाही. आमची ठिबकच्या नळ्यांची एजन्सी आहे, शेडमध्ये माल ठेवायला जागा लागते आणि ह्यांना गाडीत गोडी नव्हती. वर्षश्राद्ध झालं, त्यानंतरच्या रविवारी मी यादीत लिहिलं — गाडी. फोटो काढले, जुन्या गाड्यांची हौस असणाऱ्यांपर्यंत पोचवले. पुण्याहून एका दातांच्या डॉक्टरांचा फोन आला. त्यांच्याकडे अशा तीन गाड्या होत्या. बोलणं मृदू, पण एकेक गोष्ट तीनतीनदा विचारणारे. मला असा माणूस आवडतो.

त्यांचा मुख्य प्रश्न एकच. हा रंग कारखान्याचा मूळ रंग आहे, याला पुरावा काय? अशा गाड्यांत बॉनेटखाली एक पट्टी असते, तिच्यावर रंगाचा नंबर कोरलेला असतो. आमच्या गाडीची पट्टी गंजून तिचा भुगा झाला होता. मी म्हटलं, रंग ज्यांनी दिला त्यांनाच विचारा, आणि नानांचा फोन नंबर दिला. संध्याकाळी डॉक्टरांचा पुन्हा फोन — नाना म्हणतात पुरावा गाडीतच आहे, मी स्वतः येऊन दाखवतो. मग रविवार ठरला.

तो आठवडा मी कामाला लागले. घर विकायचं असो की गाडी, बघायला येणाऱ्याला कुठे बोट ठेवायला जागा राहू नये. माझी यादी तेवीस कामांची होती. काचा. रबरं. चामड्याला तेल. कागदपत्रांची फाइल, त्यात विभाग करून. आणि सतरावं काम — ती वही आत्ता माझ्यासमोर आहे, अक्षर माझंच — "डिक्की, चाकाखाली फिकट डाग. रंगवणे."

डिक्कीतलं जास्तीचं चाक मी धुळीसाठी उचललं तेव्हा तो दिसला. तळहाताएवढा. सगळी डिक्की कशी झळझळीत आणि मधेच हा मळका, निस्तेज तुकडा. त्याच्या भोवती टोकदार काहीतरी फिरवून बारीक रेघ ओढलेली होती. मला वाटलं, चाक ठेवायची खूण. नानांकडून राहिलं असेल आळसानं, असंच मनात आलं. नानांनी ओरखड्यांसाठी म्हणून थोडा रंग डब्यात भरून ठेवला होता. मी पॉलिशपेपरनं तो तुकडा घासला, ब्रशनं एक हात दिला, दुपारी दुसरा दिला. चाक जागेवर ठेवलं. वहीत टिक केली. त्या आठवड्यातलं सगळ्यात नीट झालेलं काम तेच, असं मला वाटलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, तुम्हाला काय माहीत होतं? मीही बरीच वर्षं तेच म्हणत आले. पण मला सांगितलेलं होतं. गाडी पूर्ण व्हायच्या सुमारास नाना एकदा आमच्या स्वयंपाकघराच्या दारात पाणी पीत उभे होते. मी पोळ्या करत होते. ते सांगत होते की त्यांच्या उस्तादानं त्यांना शिकवलं, जुन्या वस्तूला रंग देताना मूळ रंगाची एक जागा सोडायची, सगळ्यांच्या नजरेआड, कोणी उद्या विचारलं तर दाखवायला. "ताई, रंगनी साक्ष ठेवनी पडस. नही तं आपला बोलनाले काय किंमत शे?" मी हो हो म्हणत होते. मी ऐकत नव्हते. तव्यावरची पोळी बघत होते आणि मनात म्हणत होते, हे कधी जातात.

ऐकू मात्र आलं होतं. नाहीतर ते शब्द आज मला कसे आठवले असते?

रविवारी डॉक्टर आले. नाना त्यांच्याआधीच येऊन ओट्यावर बसले होते — वेळेवर, आयुष्यात पहिल्यांदा. धुतलेलं धोतर, टोपी, पिशवीत केळफूल. मी चहा दिला तर म्हणाले, आज चहा मागून, आधी काम. ह्यांनी थट्टा केली, "नाना, आज सूर्य पश्चिमेला उगवला का?" नाना म्हणाले, "आबासनी गाडी शे, भाऊ. तिना लगीनले उशिरा येवाले मी काय सोयरा शे का?" सगळे हसले. मीसुद्धा.

डॉक्टरांनी खिशातून दात बघायचा छोटा आरसा काढला आणि दारांच्या सांध्यांत, बॉनेटच्या कडांत तो घालून तासभर गाडी बघितली. मग म्हणाले, काम उत्तम आहे, फक्त ते दाखवा. नाना उठले. डिक्की उघडली. "चाक शे ना, त्याना खाले दखा," म्हणाले आणि स्वतःच चाक उचललं, नव्या नवरीचा पदर सारावा तसं हळूच.

तेव्हा मला कळलं. त्या क्षणी, चाक जमिनीवर टेकायच्या आत. पोळ्यांचा वास, पाण्याचा तांब्या, साक्ष हा शब्द — सगळं एकदम.

खाली सगळं एकसारखं, झळझळीत, केळफुली.

नाना वाकून बघत राहिले. मग त्यांनी बोट फिरवलं. नाना रंग स्प्रेगननं मारायचे, ब्रश लावायचे नाहीत. त्यांच्या बोटाला ब्रशच्या रेघा लागल्या असणारच. ते म्हणाले, "हाई मना हात नही. बठ्ठी गाडीले रंग लायेल शे मी, तितलीच जागा सोडेल व्हती." सगळी गाडी रंगवली, तेवढीच जागा सोडली होती, म्हणत होते ते. सभ्य माणसं अशा वेळी घड्याळ बघतात, तसं डॉक्टरांनी बघितलं. हे म्हणाले, "तुमचा हात नाही तर कोणाचा, नाना? आबा गेल्यापासून गाडीच्या रंगाला कोणी हातसुद्धा लावलेला नाही."

माझ्या उजव्या अंगठ्याच्या नखाशी अजून तो रंग होता. दोन दिवस घासूनही निघाला नव्हता. मी हात पदराखाली घेतला. नानांनी तो पाहिला का? मला माहीत नाही. त्यांची नजर माझ्यावरून एकदा गेली, एवढं खरं. रंगाच्या बाबतीत त्या नजरेतून काही सुटत नसे, हेही खरं.

इथपर्यंत आले की मी स्वतःला नेहमी सांगत आले — त्या दिवशी मी गप्प बसले. घाबरले आणि गप्प बसले. चूक आहे, पण माणसाकडून होते. बघा, आत्ताही तसंच लिहून पुढे जाणार होते.

मी गप्प बसले नाही. मी बोलले.

नाना म्हणाले होते, "खरवडीसन दखा. खाले शे ती. एक पातं द्या मले." त्यांनी हात पुढे केला. डॉक्टर पुढे सरकले, त्यांनाही बघायचं होतं. एक ब्लेड, दोन मिनिटं — बस, एवढंच लागलं असतं. आणि मी म्हणाले, "आता खरवडत बसू नका, नाना. ऐन विकायच्या वेळी गाडीला ओरखडा कशाला?"

शांत आवाजात म्हणाले. घरातल्या कोणालाही पटेल अशा आवाजात. मी त्या आवाजात कितीतरी गोष्टी थांबवल्या आहेत आयुष्यात, आणि बहुतेक वेळा माझंच बरोबर निघालं आहे. म्हणून तर सगळे थांबले. नानांचा हात तसाच थोडा वेळ हवेत राहिला, मग त्यांनी तो मागे घेतला.

मग हे बोलले. ह्यांचा स्वभाव तापट नाही, पण आबांचा विषय होता. "सहा वर्षं माझा बाप तुमच्या शब्दावर नाचला, नाना. आणि तुम्ही मनाला येईल तो रंग फासलात त्याच्या गाडीला. एवढं खोटं बोलायची काय गरज होती?"

परक्या माणसासमोर. आबांच्या अंगणात.

मी बोलू शकले असते. त्यानंतरही. अहो, तो डाग मीच रंगवला — पाच शब्द आहेत, आत्ता मोजले. का नाही बोलले? ह्यांच्या पसाऱ्यावर रोज बोट ठेवणारी मी. एजन्सीतल्या माणसानं एक बिल चुकीच्या फाइलला लावलं तर त्याला चारचौघांत विचारणारी मी. माझ्या हातून, माझ्या टापटिपीमुळेच, असं झालं — हे त्या अंगणात उभं राहून म्हणायचं? त्यापेक्षा नाना खोटे ठरलेले मला चालले. हे असंच होतं. याला दुसरं नाव शोधलं तर पुन्हा खोटं होईल.

 नानांनी चाक उचलून जागेवर ठेवलं. पिशवी घेतली. मला म्हणाले, "जाऊ द्या, ताई. मनाच डोयासले दिसनं नही व्हई." आणि बसस्टँडकडे गेले. चहा राहिलाच.

डॉक्टरांनी गाडी घेतली. रंगाला पुरावा नाही तर मी ती लालच करतो, म्हणाले, निदान अशा गाड्यांना लाल मुळात असायचा हे सगळ्यांना माहीत आहे. सोमवारी ट्रक आला. शेड रिकामी झाली, मी ती झाडून घेतली, नळ्यांची बंडलं लावली. नानांचं केळफूल ओट्यावर तसंच राहिलं होतं. मंगळवारी मी त्याची भाजी केली. वाया जाऊ नये म्हणून. ह्यांनी दोनदा घेतली.

बातमी पसरायला वेळ लागत नाही. ह्यांनीच दोनचार ठिकाणी सांगितलं असेल — ह्यांना तर ते खरंच वाटत होतं. शिरपूरच्या एका घरची जुनी मोटार नानांकडे यायची होती, ती इंदूरला गेली. नंतर एकदा धुळ्याला लग्नाला गेले होते, तर देवपुरात नानांची शेड दिसली. दारात ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती आणि नाना तिला हिरवा रंग देत होते. डब्यातला, तयार, नंबराचा हिरवा. मी रिक्षावाल्याला थांब म्हटलं नाही.

आता ती ओळ.

गाडी विकून सव्वा वर्ष झालं असेल. दुपारी जेवण आटोपून मी फोन बघत होते, तर डॉक्टरांचा मेसेज. खाली चार फोटो. गाडीला लाल रंग द्यायला घेतला, त्याआधी जुना रंग काढताना त्यांच्या माणसाला डिक्कीत ब्रशनं मारलेला थर दिसला. तो त्यानं हलक्या हातानं काढला. खाली तळहाताएवढी जागा — थोडी घासलेली, पण शाबूत. मूळ रंग. भोवती बारीक रेघ, आणि रेघेच्या आत टोकानं कोरलेलं आबांचं नाव आणि नानांचं. इतकं बारीक, की मी घासताना मला दिसलंही नव्हतं.

डॉक्टरांनी लिहिलं होतं — मला त्या दिवसाची लाज वाटते. नानांचा नंबर माझ्याकडून गेला आहे. त्यांना माझी माफी कळवा. लाल रंग मी थांबवला आहे, गाडी पुन्हा केळफुलीच करणार. आणि रंग नानांनीच पुण्याला येऊन मिसळून द्यावा अशी माझी इच्छा आहे. गाडी पाठवतो, मानानं आणतो, मानानं पोचवतो.

मी लिहिलं, "कळवते."

आणि वहीत लिहिलं — "नाना, फोन."

माझा एक नियम आहे. झालेल्या कामाला टिक. न झालेलं काम पुढच्या रविवारच्या यादीत. दोनदा पुढे गेलं तर तिसऱ्यांदा करूनच टाकायचं. ही ओळ पुढच्या रविवारी पुढे गेली. त्याच्या पुढच्या रविवारीही. फोन करून काय सांगायचं होतं? नाना, साक्ष सापडली. मग ते विचारणार — वरचा रंग कोणाचा? की विचारणारच नाहीत? न विचारण्याची मला जास्त भीती वाटत होती, असं आता वाटतं. आणि मग हे. ह्यांना धुळ्याला जाऊन त्या म्हाताऱ्या माणसाचे पाय धरावे लागले असते, आणि परत येताना सगळ्या रस्त्यात ते माझ्याशी बोलले नसते.

तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. नाना काय म्हणाले?

मी उत्तर लिहिलं. खोडलं. पुन्हा लिहिलं. "नानांची तब्येत बरी नसते. डोळ्यांनीही नीट दिसत नाही. त्यांना जमणार नाही, पण तुमचा निरोप ऐकून बरं वाटलं त्यांना."

नाना त्या आठवड्यात ठणठणीत होते. डोळ्यांचं मी कुठून आणलं? त्यांच्याच तोंडून — मनाच डोयासले दिसनं नही व्हई, माझ्याच डोळ्यांना दिसलं नसेल. त्यांनी माझ्यावर पांघरूण घालायला वापरलेलं वाक्य मी त्यांच्याविरुद्ध वापरलं. डॉक्टरांनी हात जोडल्याची खूण पाठवली. गाडी पुढे मुंबईच्या कोणा रंगाऱ्याकडून करून घेतली, असं कळलं. फोटो आला होता. रंग जवळपास तोच आहे. काळा एक थेंब जास्त वाटतो. मी कोण सांगणारी?

मेसेज मी काढून टाकले. फोटोही. पण वहीतली ओळ राहिली. तिला टिक करता येईना, कारण काम झालं नव्हतं, आणि वहीत मी खोटं लिहीत नाही — हे वाक्य लिहिताना माझंच मला कसंसं होतं आहे, पण ते खरं आहे. माणसांशी खोटं बोलले, वहीशी नाही. चार वर्षं दर रविवारी मी ती ओळ नव्या पानावर उतरवली. दूधवाला, लाइटबिल, मुलीची परीक्षेची फी, नाना फोन. पहिल्यापहिल्यांदा पेन अडखळायचं. पुढे अडखळेना. अक्षर बघितलं तर कळतं, शेवटच्या वर्षात तर ती इतर ओळींसारखीच आहे — वळणदार, एका दमात.

गेल्या वर्षी, मार्चमध्ये, रविवार होता. मी वही घेऊन बसले होते. हे फोन बघत बघत आत आले आणि म्हणाले, "धुळ्याचे नाना गेले. मुलीकडे शिरपूरला होते म्हणे." फोन बाजूला ठेवला. "कलाकार माणूस होता. एकदाच खोटं बोलला बिचारा, आणि त्याचंच नाव झालं."

मी म्हटलं, "चहा ठेवू का?"

हे आंघोळीला गेले. मी यादी पुढे ओढली. सहावी ओळ तीच होती, नुकतीच उतरवलेली, शाई ओली असावी इतकी नुकतीच. माझ्या वहीत ज्या कामाची आता गरज उरलेली नाही त्यावर आडवी रेघ मारतात. लग्न मोडलं, गाव बदललं, माणूस गेलं.

मी पट्टी घेतली आणि रेघ मारली.

मला सांगायचं होतं ते हे. घासलं ते नाही, बोलले ते नाही, डॉक्टरांना लिहिलं तेही नाही. रेघ मारली आणि मला हलकं वाटलं. रडू आलं नाही. खांद्यावरून काहीतरी उतरावं तसं स्पष्ट, अंगाला कळेल इतकं हलकं वाटलं.

यादीत अकरा कामं उरली. त्या आठवड्यात अकराही झाली.